एचआयव्हीची धास्ती बसली असेल तर : बेळगाव भागातल्या माणसानं काय करायचं, कुठे जायचं

हा लेख एचआयव्हीची लागण झालेल्यांसाठी नाही. आपल्याला झाली की काय, या शंकेनं ज्यांची झोप उडाली आहे त्यांच्यासाठी आहे. समुपदेशनाच्या खोलीत बसलं की असे पुष्कळ लोक समोर येतात. गोव्यात हॉटेलात काम करणारा खानापूरकडचा पोरगा, पुणे-बेंगळुरू महामार्गावर गाडी चालवणारा निपाणीचा ड्रायव्हर, सैन्यभरतीसाठी रोज पहाटे पळणारा, महिन्यावर लग्न आलेला. दारातून आत येताना सगळ्यांचा चेहरा सारखाच असतो, आणि पहिलं वाक्यही जवळपास तेच : "मॅडम, माझं काय खरं नाही बघा."

बहुतेकांचं 'खरं' अगदी ठीक असतं. पण ते नुसतं सांगून पटत नाही, हे मला माहीत आहे. म्हणून ज्या क्रमानं मी समोरच्याला नेते, त्याच क्रमानं इथे लिहिते.

आधी तारीख लिहा

फोनमध्ये किंवा कागदावर चार गोष्टी लिहा : काय झालं, कोणत्या तारखेला, साधारण किती वाजता, कंडोम होता का आणि फाटला का. बस्स. कुणाबरोबर, कुठे, का, हे लिहायची गरज नाही.

पुढचा सगळा हिशेब या एका तारखेवर चालतो. पण भीतीत माणसाचं दिवसांचं भान सुटतं. "दोन-तीन महिने झाले असतील," असं म्हणणाऱ्याला मी विचारते, गणपतीच्या आधी की नंतर? दसऱ्याला तुम्ही गावी होता का? मग बोटं मोजून कळतं की जेमतेम तीन आठवडे झालेत. तीन आठवड्यांचा सल्ला वेगळा, तीन महिन्यांचा वेगळा. शिवाय भीती वाढली की माणूस तारीखही नकळत मागे-पुढे सरकवतो, म्हणून एकदा लिहून ठेवलेली बरी.

७२ तास झाले नसतील तर पुढचं वाचत बसू नका

संबंध येऊन किंवा सुई टोचून तीन दिवस, म्हणजे ७२ तास उलटले नसतील आणि धोका खरा असेल, तर लागण होऊ नये म्हणून घ्यायच्या गोळ्या आहेत. डॉक्टर मंडळी याला पेप म्हणतात. कोर्स २८ दिवसांचा. जितक्या लवकर सुरू होईल तितका उपयोग जास्त, पहिल्या काही तासांत झाला तर उत्तम. ७२ तासांनंतर सुरू करत नाहीत, कारण मग त्याचा भरवसा राहत नाही.

बेळगावात असाल तर बिम्सच्या, म्हणजे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या, जिल्हा रुग्णालयात जा. अपघात विभाग रात्रीही उघडा असतो. तिथे 'एचआयव्ही पेप हवी आहे' एवढं स्पष्ट म्हणा. सरकारी दवाखान्यात या गोळ्या प्रामुख्यानं सुई टोचलेल्या कर्मचाऱ्यांसाठी आणि लैंगिक अत्याचार झालेल्यांसाठी ठेवलेल्या असतात. इतरांना द्यायच्या की नाही, हे डॉक्टर धोका बघून ठरवतात. तिथे जमलं नाही तर वेळ न घालवता खाजगी फिजिशियन गाठा आणि चिठ्ठीवर गोळ्या घ्या. मेडिकलवाल्याच्या ओळखीनं परस्पर घेऊ नका. एचआयव्ही, मूत्रपिंड आणि हिपॅटायटिस बी यांच्या तपासण्याही कराव्या लागतात. हिपॅटायटिस बी आधीपासून असेल तर हा कोर्स मध्येच किंवा संपल्यावर अचानक थांबवल्यानं यकृताला त्रास होऊ शकतो.

अत्याचार झाला असेल तर उपचार आधी. पोलीस तक्रार झालेली नसली तरी रुग्णालयाला उपचार नाकारता येत नाहीत.

दहा दिवसांनी येऊन "आता त्या गोळ्या द्या की ओ" म्हणणारे बरेच असतात. तेव्हा त्या घेऊन उपयोग नसतो. तुमचे ७२ तास गेले असतील तर हळहळू नका, पुढे वाचा.

धोका होता का, हे ठरवा

एचआयव्ही रक्त, वीर्य, योनिमार्गातला आणि गुदमार्गातला स्राव व अंगावरचं दूध यांतून पसरतो. कंडोमशिवाय संबंध, एकमेकांची सुई वापरणं किंवा वापरलेली सुई टोचणं, बाधित रक्त चढवलं जाणं आणि आईकडून बाळाला, एवढ्याच वाटा आहेत.

ज्यामुळे लोक माझ्यासमोर येऊन रडतात त्यातल्या बऱ्याच गोष्टी या यादीत बसतच नाहीत. चुंबन. मसाज. हातानं केलेली क्रिया. एसटीच्या सीटवर दिसलेला रक्ताचा डाग. सार्वजनिक संडास. एकाच ताटात जेवणं. डास चावला तर? डासाच्या पोटात हा विषाणू वाढत नाही, पचून जातो, आणि डास चावताना आधीच्या माणसाचं रक्त आपल्या अंगात सोडत नाही. शीतपेयात कुणीतरी बाधित रक्त मिसळल्याचा मेसेज दर एक-दोन वर्षांनी व्हॉट्सॲपवर फिरतो. तो खोटा आहे, रक्त पोटात गेलं तरी अशी लागण होत नाही.

न्हाव्याच्या ब्लेडची भीती तर घरोघरी. ब्लेड नवं लावायला सांगा, ते सांगायलाच हवं, पण एचआयव्हीपेक्षा हिपॅटायटिस बी साठी. हा विषाणू उघड्यावर, सुकलेल्या रक्तात फार तग धरत नाही. हिपॅटायटिस बी चा मात्र चिवट असतो. सौंदत्तीच्या किंवा चिंचलीच्या मायाक्काच्या जत्रेत एकाच सुईनं दहा जणांना गोंदणारा बसलेला दिसला तर दुसरीकडे वळा. गोंदून आधीच झालं असेल तर एचआयव्हीबरोबर हिपॅटायटिस बी आणि सी यांचीही तपासणी करून घ्या.

आता खऱ्या धोक्याचे आकडे. समोरची व्यक्ती बाधित असेल, ती उपचार घेत नसेल आणि कंडोम नसेल, तर योनिमार्गातून एका वेळच्या संबंधात पुरुषाला लागण होण्याची शक्यता सरासरी १०,००० मध्ये ४, स्त्रीला १०,००० मध्ये ८. एकमेकांची सुई वापरली तर ६३. गुदमैथुनात घेणाऱ्याला १३८, करणाऱ्याला ११. मुखमैथुनात फार कमी. जखम, गरमी-परम्यासारखा गुप्तरोग किंवा समोरच्याला नुकतीच झालेली लागण असेल तर हे आकडे वाढतात. आणि समोरची व्यक्ती बाधित असेलच असं कुठे आहे? देशात प्रौढांमध्ये बाधितांचं प्रमाण साधारण ०.२ टक्के आहे. कर्नाटकात ते देशाच्या सरासरीपेक्षा जास्त आहे, पण तरीही शंभरात एकाहून कमीच. धोका शून्य आहे असं मी म्हणत नाही, तपासणी करायचीच आहे. पण 'एकदा गेलो म्हणजे झालाच' हे गणित चुकीचं आहे.

माझं एक निरीक्षण सांगते. भीती धोक्याच्या प्रमाणात वाढत नाही, अपराधीपणाच्या प्रमाणात वाढते. मित्रांच्या नादानं एकदा लॉजवर गेलेला, कंडोम वापरलेला अविवाहित पोरगा सहा-सहा वेळा रक्त तपासून येतो. आणि जिचा नवरा वर्षाचे आठ महिने बाहेरगावी असतो, जिला खरा धोका आहे, ती बाई गरोदरपणातल्या नेहमीच्या तपासणीपर्यंत या दारात पाऊलही टाकत नाही. ही दोन माणसं शेजारी-शेजारी बसलेली असली की मला कुणाकडे जास्त लक्ष द्यावं ते बरोबर कळतं. पण आरडाओरडा पहिल्याचा असतो.

या भागात ही धास्ती इतकी खोल का, त्यालाही कारण आहे. नव्वदच्या दशकात आणि नंतरची काही वर्षं कृष्णेच्या दोन्ही काठांवरच्या तालुक्यांनी पुष्कळ मरणं पाहिली. अथणी, रायबाग, चिकोडीकडे आणि पलीकडे सांगली-मिरजेकडे, गावातला एखादा तरणा माणूस वाळत वाळत गेलेला प्रत्येकाला आठवतो. देवदासी बायकांच्या वाट्याला आलेला कलंक तर अजून पुसलेला नाही, कर्नाटकानं १९८२ साली कायदा करून मुली सोडण्याची प्रथा बंद केली तरी. एआरटी, म्हणजे एचआयव्ही दाबून ठेवणाऱ्या गोळ्यांचे सरकारी उपचार, मोफत सुरू झाले १ एप्रिल २००४ ला. म्हणजे लोकांच्या डोळ्यांपुढे जे चित्र आहे ते गोळ्या येण्याच्या आधीचं आहे. त्या चित्राला घाबरून आज कुणी विहीर जवळ करावी, असं आता काही राहिलेलं नाही.

अंगावरची लक्षणं मोजणं थांबवा

लागण झालेल्या पुष्कळ लोकांना दोन ते चार आठवड्यांनी ताप, घसा दुखणं, अंगावर पुरळ, गाठी सुजणं, अंग मोडून येणं असं होतं. काहींना काहीच होत नाही. नेटवर हे वाचलं की लोक आरशापुढे उभे राहतात आणि तिथूनच खरा त्रास सुरू होतो.

खानापूरच्या पावसात कुणाला सर्दी-कणकण येत नाही? ऑगस्ट-सप्टेंबरात डेंग्यू, चिकुनगुनिया, टायफॉइड आणि साधा व्हायरल, सगळे एकदम गावात असतात. रोपलावणीत पाय ओले राहून चिखल्या झाल्या, त्या खाजवून जखम झाली की जांघेत अवधान येतं, म्हणजे गाठ सुजते. आपल्या आज्ज्यांना हे ठाऊक होतं, त्या पायाची जखम बघायच्या. नातू मात्र जांघेतली गाठ बघतो आणि पांढराफटक पडतो.

मागे एक पोरगा आला होता. मानेच्या डाव्या बाजूला बोट ठेवून म्हणाला, "गाठ हाय बघा की ओ, रोज वाढायलीय." ती जागा लाल झाली होती, कातडी थोडी सोललेली. दिवसातून किती वेळा दाबतोस विचारलं, तर म्हणाला, मोजलं नाही, रात्री जास्त. मी त्याला चार दिवस हात लावू नकोस म्हटलं. लाली गेली, दुखणं गेलं, आणि गाठही पूर्वी होती तेवढीच, वाटाण्याएवढी, जी पुष्कळ धडधाकट लोकांच्या मानेत सापडते.

जीभ पांढरी दिसते म्हणून टॉर्च लावून बघणारे, ब्रशनं खरवडून तोंड आणणारे. वजन घटलं म्हणणारे, पण पंधरा दिवस भीतीनं धड जेवलेले नसतात. भीतीचीही स्वतःची लक्षणं असतात : छाती धडधडणं, हातापायाला मुंग्या, जुलाब, रात्री घाम, घशात गोळा, झोप न लागणं. यातली अर्धी यादी नेटवरच्या एचआयव्हीच्या यादीशी जुळते. मग मन चिंती ते वैरी न चिंती.

त्यामुळे लक्षणं असली म्हणून एचआयव्ही आहे असं नाही, आणि नसली म्हणून नाहीच असंही नाही. निकाल रक्ताच्या तपासणीचा. ताप दोन-तीन दिवसांहून जास्त राहिला तर डॉक्टरांकडे जा, तापासाठी म्हणून जा, आणि धोका आला असेल तर तेही त्यांना सांगा.

तपासणी कधी

लागण झाल्या दिवसापासून रक्तात दिसेपर्यंत थोडे दिवस जातात. आज पेरून उद्या माती उकरून कोंब बघण्यात अर्थ नाही, तसंच हे आहे.

प्रयोगशाळेत शिरेतलं रक्त घेऊन होणारी चौथ्या पिढीची चाचणी (अँटिजेन आणि अँटिबॉडी दोन्ही बघणारी) ४५ दिवसांनी निगेटिव्ह आली की ती भरवशाची धरतात. सरकारी केंद्रात बहुतेक रॅपिड चाचण्या असतात. त्या अँटिबॉडी बघतात, म्हणून त्यांचा शेवटचा निकाल ९० दिवसांनी. पेप घेतली असेल तर डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे, पण शेवटची तपासणी तीन महिन्यांच्या आधी संपवू नका.

मी बहुतेकांना दोनच तारखा देते : एक सहा आठवडे पूर्ण झाल्यावर, दुसरी तीन महिन्यांनी. कॅलेंडरवर खूण करायची आणि मधले दिवस कुठल्याही लॅबची पायरी चढायची नाही. सहा आठवड्यांची तपासणी निगेटिव्ह आली तर भीतीचा मोठा भाग तिथेच उतरतो. खूपच जीव टांगणीला लागला असेल तर पहिल्याच दिवशी एक तपासणी करून घ्या, पण ती आधीची स्थिती सांगते, त्या रात्रीची नाही, हे लक्षात असू द्या.

या दिवसांत कंडोम वापरा. आणि रक्तदान करू नका. शिवजयंती, गणेशोत्सवात गल्लोगल्ली शिबिरं लागतात. 'फुकटात तपासणी होईल, कुणाला कळणारही नाही' म्हणून तिथे पडून रक्त देणारे महाभाग मी पाहिलेत. सुरुवातीच्या दिवसांत चाचणी निगेटिव्ह येऊनही रक्तात विषाणू असू शकतो, आणि ते रक्त एखाद्या बाळंतिणीला चढू शकतं. मला कुठल्या गोष्टीचा राग येत असेल तर याचा.

तपासणी कुठे

सरकारी केंद्राला आयसीटीसी म्हणतात, म्हणजे एकात्मिक समुपदेशन आणि चाचणी केंद्र. बेळगावात बिम्सच्या रुग्णालयात आहे, आणि खानापूर, चिकोडी, अथणी, गोकाक, हुक्केरी, रायबाग, बैलहोंगल, सौंदत्ती अशा तालुक्यांच्या सरकारी दवाखान्यांतही. तपासणी मोफत. उपाशी जायला लागत नाही. सकाळी लवकर गेलात तर निकाल बहुधा त्याच दिवशी हातात येतो.

बाहेरची पाटी कन्नडमध्ये असते आणि आपल्याकडच्या पुष्कळ लोकांना ती वाचता येत नाही. विचारायची लाज वाटते म्हणून दवाखान्याच्या आवारात चकरा मारून परत जाणारे असतात. सोपा उपाय सांगते. केसपेपरच्या खिडकीवर काही बोलू नका. एखाद्या सिस्टरला हळूच "आयसीटीसी कुठे?" एवढंच विचारा. त्यांना दिवसातून दहा जण हे विचारतात, त्यात गरोदर बायका आणि टीबीचे पेशंट जास्त, कारण त्यांची तपासणी नेहमीचीच असते. तुमच्याकडे कुणी वळूनही बघत नाही. आतल्या समुपदेशकांना या भागात मराठी समजतं. कन्नड येत नाही म्हणून अडून राहू नका. संमतीपत्र कन्नडमध्ये असलं तर वाचून आणि समजावून द्यायला सांगा. न समजता सही करू नका.

ओळखीचं कुणी भेटेल ही भीती अगदी रास्त आहे, बेळगाव शेवटी केवढंसं! निपाणी-संकेश्वरकडचे लोक कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात जातात, अथणी-कागवाड-उगारकडचे मिरजेच्या सिव्हिलला. तसं केलं तरी चालतं. ही तपासणी राज्यावर किंवा जिल्ह्यावर अडत नाही, कर्नाटकातला माणूस महाराष्ट्रात आणि तिकडचा इकडे येऊन तपासून घेऊ शकतो.

आत काय होतं ते सांगते, म्हणजे धडकी कमी होईल. दार बंद करून समुपदेशक प्रश्न विचारतात. थेट असतात, पण उपदेश करणारे नसावेत. तुम्ही जे लिहून ठेवलंत ते तिथे सांगायचं. मग शिरेतून थोडं रक्त. ते चाचणीच्या पट्टीवर घालतात, थोडा वेळ थांबतात. नियंत्रणाची एकच रेघ उमटली की निगेटिव्ह. दोन उमटल्या तरी लगेच काही जाहीर करत नाहीत, आणखी दोन वेगळ्या तत्त्वांवरच्या चाचण्या करतात, तिन्ही जुळल्या तरच पॉझिटिव्ह म्हणतात. खाजगी लॅबमधला एक रिपोर्ट 'रिॲक्टिव्ह' आला तर म्हणूनच आयसीटीसीत येऊन खात्री करून घ्यायची. खोटा पॉझिटिव्ह येऊ शकतो.

निकाल तुमच्याच हातात देतात. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. संमतीशिवाय तपासणी करणं किंवा निकाल दुसऱ्याला सांगणं त्यात मना आहे, कोर्टाचा हुकूम वगैरे थोडे अपवाद सोडून. गावातल्या ओळखीच्या कंपाउंडरनं रिपोर्ट बघितला तर काय, असं वाटत असेल तर समुपदेशकाला आधीच तसं सांगा.

घरातून निघायचं धाडस होत नसेल तर १०९७ ला फोन करा. ती राष्ट्रीय एड्स हेल्पलाइन आहे, टोल फ्री, रात्रीही चालते.

जाल तेव्हा गरमीची तपासणीही मागून घ्या. लघवीला जळजळ, पू, गुप्तांगावर फोड किंवा जखम असेल तर त्याच दवाखान्यातल्या 'सुरक्षा क्लिनिक'मध्ये दाखवा. असुरक्षित संबंधानंतर गरमी-परमा होण्याची शक्यता एचआयव्हीपेक्षा कितीतरी जास्त, आणि ते औषधानं पूर्ण बरे होतात. सगळं लक्ष एचआयव्हीकडे आणि परमा अंगात तसाच, असं फार होतं. बसस्टँडजवळच्या लॉजवर 'गुप्तरोगतज्ज्ञ' महिन्यातून एकदा येतात, त्यांच्याकडे मात्र जाऊ नका. ते भीती विकत घेतात आणि दामदुप्पट करून परत देतात.

रिपोर्ट हातात आल्यावर

'नॉन-रिॲक्टिव्ह' म्हणजे निगेटिव्ह. खाजगी लॅबच्या रिपोर्टवर शेजारी एक आकडा असतो, ०.१२, ०.३१ असा, आणि खाली लिहिलेलं असतं की १ च्या खाली नॉन-रिॲक्टिव्ह. या आकड्यानं माणसं वेडी होतात. मागच्या वेळी ०.१२ होता, आता ०.३१ झाला, म्हणजे वाढतोय! वाढत काही नाही. मशीन, किट, नमुना बदलला की आकडा इकडेतिकडे होतो. १ च्या खालचे सगळे सारखेच.

सीडी-४ (प्रतिकारशक्तीच्या पेशींची मोजणी), ईएसआर, पांढऱ्या पेशी यांवरून एचआयव्ही आहे की नाही ठरत नाही. त्या तपासण्यांवर पैसे घालू नका.

निगेटिव्ह आला, तरी भीती गेली नाही

ही सगळ्यात अवघड पायरी, आणि लॅबवाल्यांकडे तिचं औषध नाही.

तीन महिन्यांची तपासणी निगेटिव्ह आली की प्रकरण संपलं. वैद्यकशास्त्राच्या बाजूनं संपलं. तरीही काहींच्या मनात येतं : नमुना बदलला असेल, माझ्या शरीरात उशिरा दिसत असेल, नवा प्रकार असेल. मग दुसरी लॅब. निकाल ऐकला की दोन दिवस शांत, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. रक्त तपासून मिळालेला दिलासा जितका वारंवार घ्याल तितका तो कमी टिकतो. इथे आजार आहे तो आरोग्याच्या चिंतेचा, कधी मंत्रचळाचा, म्हणजे तोच विचार आणि तीच कृती पुन्हा पुन्हा करायला लावणारा. तो खरा आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत.

घरी करण्यासारखं : गाठी दाबणं, जीभ बघणं, ताप मोजणं एकदम सुटणार नाही. हात मानेकडे गेला की पंधरा मिनिटं पुढे ढकला. फोनमध्ये वेळ लावा हवं तर. पंधरा मिनिटांनी तलफ बहुधा उतरलेली असते, नसेल तर आणखी पंधरा. रात्री दहानंतर एचआयव्हीबद्दल काहीही शोधायचं नाही, हा नियम घरच्या देवासमोर बोलून घ्या, नाहीतर मोडतोच. दहा मित्रांना आणि तीन डॉक्टरांना तोच प्रश्न विचारणं बंद करा. एकच माणूस ठरवा आणि त्यालाही सांगून ठेवा की मी पुन्हा विचारलं तर उत्तर देऊ नको. कठीण वाटतं, पण याचाच गुण येतो.

महिनाभरात फरक पडला नाही, कामावर लक्ष लागेना, जेवण-झोप गेली, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. बिम्समध्ये विभाग आहे, धारवाडला डिमहान्स ही सरकारी मानसिक आरोग्य संस्था आहे. धारवाडचं नाव काढलं की आपल्याकडे लोक हसतात, त्याला इलाज नाही. तिथल्या ओपीडीत नोकरदार, विद्यार्थी, शिक्षक, सगळे रांगेत असतात. विचारांची सवय बदलण्याचे उपचार असतात, गरज पडली तर गोळ्या. त्या गोळ्यांचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात, दोन दिवसांत सोडू नका.

जगणं नको वाटत असेल तर आजच, आत्ता, १४४१६ ला फोन लावा. टेली-मानस ही सरकारी सेवा आहे, मोफत, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. घरातल्या एकाला तरी सांगा आणि त्या रात्री एकटे झोपू नका.

बायकोला, नवऱ्याला सांगायचं का

निकाल यायच्या आधी घाबऱ्याघुबऱ्या सगळं ओकून टाकलेलं मी पाहिलं आहे. निकाल निगेटिव्ह आला, संसार मात्र मोडला. दुसऱ्या टोकाला, काहीच न सांगता नेहमीसारखे संबंध ठेवणारेही पाहिले, ते जास्त वाईट. तीन महिने कंडोम वापरण्यापुरतं कारण द्या किंवा लांब राहा, आणि सांगायचं असेल तर समुपदेशकाच्या खोलीत दोघांनी मिळून बसा. लग्न ठरलेलं असेल आणि तारीख तीन महिन्यांच्या आत असेल तर चौथ्या पिढीची चाचणी ४५ दिवसांनी करून घ्या. दोघांनीही केली तर उत्तम, त्यात कुणाचाच अपमान नाही.

आणि पॉझिटिव्ह आला तर

त्या दिवशी एकटे घरी जाऊ नका. कुणाला सोबत नेलं नसेल तर समुपदेशकाबरोबर थोडा वेळ बसा, ते त्यांचं कामच आहे.

उपचार मोफत आहेत आणि २०१७ पासून नियम असा की पॉझिटिव्ह आलेल्या प्रत्येकाला उपचार द्यायचे, सीडी-४ कितीही असो. बहुतेकांना दिवसाला एकच गोळी असते, तिच्यात तीन औषधं. वेळेवर घेतली तर रक्तातला विषाणू इतका खाली जातो की तपासणीत सापडत नाही, आणि तो तसा दबून राहिला तर संबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. बाळही निरोगी होऊ शकतं. आधी टीबीची तपासणी करून घेतात, खोकला असेल तर तो लपवू नका.

नाव एआरटी केंद्रात नोंदलं जातं. दर महिन्याला बेळगावला येणं परवडत नसेल तर प्रकृती स्थिर झाल्यावर तालुक्याच्या लिंक एआरटी केंद्रातून गोळ्या घेता येतात का, ते विचारा. कामासाठी गोव्याला, पुण्याला किंवा कोल्हापूरला राहायला गेलात तर नोंदणी तिकडच्या केंद्रात बदलून मिळते. फक्त निघायच्या आधी बदलीचं पत्र आणि पुरेशा गोळ्या घेऊन निघा, मध्ये खंड पडता कामा नये.